मिशी सीलची, गरज पाइपची

समुद्रतळातून तेल वर आणणारा पाइप वादळातच मोडतो असं नाही. संथ, एकसुरी प्रवाहही त्याला पुरेसा असतो. पाणी गोल पाइपला वळसा घालून पुढे जाताना मागे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे भोवरा सुटतो आणि प्रत्येक भोवरा पाइपला आपल्या बाजूला ओढतो. अर्धा मीटर व्यास आणि सेकंदाला एक मीटर प्रवाह धरला, तर असा हेलकावा साधारण अडीच सेकंदांनी येतो. तोच पाइपच्या स्वतःच्या कंपनाच्या जवळपास बसला की दोघांचा ताल जुळतो. प्रवाह असाच राहिला तर वर्षाला सव्वा कोटी हेलकावे, आणि त्यातून जोडांमध्ये बारीक तडे. हार्बर सीलच्या मिशीने अभियंत्यांचं लक्ष वेधलं ते यामुळेच. तिच्या केसाचा छेद लंबगोल असतो आणि जाडी लांबीभर लाटेसारखी कमी-जास्त होते, त्यामुळे भोवरे सगळीकडे एकदम सुटत नाहीत. वोल्फ हांके आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवलं, की सी लायनच्या गुळगुळीत मिशीपेक्षा या मिशीवरचं हलतं बल किमान दहापटीने कमी असतं.

यावर कुणी म्हणेल, की पाइपभोवती मळसूत्री पट्ट्या गुंडाळायची युक्ती धुराड्यांसाठी 1950च्या दशकातच निघाली, मग सील कशाला? पट्ट्यांनी कंपन थांबतं हे खरं, पण पाण्याचा रेटा वाढतो, आणि तो पेलायला पाइप नि त्याला धरणारा तेलफलाट दोन्ही दणकट करावे लागतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सील नाकासमोर पोहतो, समुद्राचा प्रवाह मात्र दिशा बदलतो, आणि आडव्या प्रवाहात लंबगोल आकाराचा फायदा उरत नाही. त्यावर उपाय म्हणून मिशीच्या आकाराचं आवरण पाइपभोवती फिरतं ठेवता येईल. तशी फिरती आवरणं आजही वापरात आहेत.

खरी अडचण मला वेगळीच वाटते. सीलला मिशी शांत हवी असते ती स्वतःच्या पोहण्यात. माशाने मागे सोडलेल्या भोवऱ्यांत मात्र ती हललीच पाहिजे, नाहीतर शिकार कळणार कशी? एमआयटीत हेदर बीम आणि मायकेल ट्रायंटाफिलू यांनी या आकाराची प्रतिकृती दुसऱ्या नळीच्या मागे ठेवली, तेव्हा ती भोवऱ्यांमधून नागमोडी वाट काढत जोरात डोलली. फलाटाखाली पाइप एकामागे एक, घोळक्याने उभे असतात. पुढच्याच्या भोवऱ्यांत सापडलेल्या पाइपवर हे आवरण चढवण्याआधी तीच चाचणी पूर्ण घोळक्यावर व्हायला हवी. एकट्या पाइपवरचे आकडे तिथे चालणार नाहीत.