गोळी कुठे थांबणार, तिथून सुरुवात

मका हुरड्यावर आला की दोंडाईच्याच्या आसपासच्या शिवारात रात्रीची झोप उडते. रानडुकरांचा कळप बांध ओलांडून आत शिरतो, खातो थोडं आणि लोळवतो फार. भुईमूग असेल तर सरीच्या सरी नांगरल्यासारख्या उकरून ठेवतो. खानदेशात जिथे नीलगाई आहेत, तिथे हरभऱ्याचे शेंडे एका रात्रीत खुडले जातात. मग पारावर बोलणं निघतं. ज्याच्या घरात परवान्याची बंदूक आहे त्याला कुणीतरी विचारतं, “आबा, याला काडतूस कोणतं लागतं?” उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं: मोठ्यातलं मोठं. हे उत्तर का चुकतं, ते नीट उलगडून सांगावंसं वाटतं.

पण त्याआधी कायदा, कारण तो बाजूला ठेवून काडतुसाचा विचार करताच येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. रानडुक्कर आणि नीलगायही संरक्षित आहेत. जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक ठरलं, तर कलम 11 नुसार अधिकृत वनाधिकाऱ्याचा लेखी आदेश घेऊनच ते मारता येतं. मारलेलं जनावर कलम 39 नुसार सरकारी मालमत्ता ठरतं. मांस घरी नेणं हा गुन्हा आहे. लेखी आदेश हातात असेल, तरच पुढचं सगळं.

रायफलीच्या काडतुसात चार वस्तू असतात: पितळेचं कवच, त्याच्या बुडातली टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. घोडा दाबला की टोचणी टोपीवर आपटते, ठिणगी दारूला लागते आणि दारूचा क्षणात वायू होतो. तो वायू गोळीला बंदुकीच्या नळीतून रेटतो. रायफलीच्या नळीत पिळाचे आटे असतात. ते गोळीला गरगर फिरवतात आणि त्या फिरण्यामुळे ती सरळ जाते. बारा बोरच्या, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीच्या, नळीला आटे नसतात आणि तिच्यातून एकदम सुटणारे छर्रे जितके लांब जातील तितके पांगतात. गोळीची ताकद तिच्या वजनावर आणि वेगावर ठरते. वजन दुप्पट केलं तर ताकद दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर चौपट. ‘मोठी गोळी म्हणजे मोठी ताकद’ हा समज इथेच पहिल्यांदा लंगडा पडतो.

हाच वाद अमेरिकेतही आहे. तिथे एल्क नावाचं हरीण आहे. त्याचा नर सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतो. त्याच्यासाठी काडतूस कोणतं, यावर तिथले शिकारी शंभर वर्षं वाद घालत आले आहेत. जॅक ओ’कॉनर या लेखकाने 1925 साली आलेल्या 270 विंचेस्टर काडतुसाची बाजू लावून धरली: हलकी गोळी, वेग जास्त. एल्मर कीथचं म्हणणं नेमकं उलट होतं: गोळी जाड आणि जड हवी. 1963 साली 300 विंचेस्टर मॅग्नम आली आणि वाद आणखी पेटला. कोलोरॅडो राज्याने मात्र आपला नियम साधा ठेवला. एल्कसाठी गोळी निदान 0.24 इंच व्यासाची आणि 85 ग्रेन, म्हणजे साडेपाच ग्रॅम वजनाची असावी. ती आदळल्यावर फुलणारी असावी आणि शंभर यार्डांवर तिच्यात हजार फूट-पाउंड, म्हणजे साडेतेराशे ज्यूल ताकद उरावी. हा आकडा लक्षात ठेवा. तीन क्विंटलच्या जनावरालाही इतकी ताकद पुरेशी मानली जाते.

आपल्याकडे एल्कच्या जवळ जाणारं, शेतात येणारं जनावर म्हणजे नीलगाय. तिचा नर दोनशे-अडीचशे किलोपर्यंत जातो. योगायोग असा की नीलगाय टेक्सासातही आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ती तिथल्या किंग रँचवर सोडली गेली आणि तिथेच वाढली. हे जनावर कमालीचं चिवट आहे आणि चुकीच्या जागी गोळी लागली तर मैलभर निघून जातं, असा तिथल्या शिकाऱ्यांचा अनुभव आहे. रानडुक्कर वजनाला कमी, शंभर किलोच्या आगेमागे. पण वयात आलेल्या नराच्या खांद्यावर घट्ट, जाड चामड्याची ढालच तयार होते. हलके छर्रे तिच्यातच अडकतात.

आता आपल्याकडे मिळतं काय, ते पाहू. लष्कराची काडतुसं, थ्री-नॉट-थ्री असो वा सेल्फ-लोडिंग रायफलीचं, सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाहीत. तो प्रतिबंधित बोर. ही रीत ब्रिटिशांची. फौजेचा दारूगोळा लोकांच्या बंदुकीत बसू नये म्हणून त्यांनी तशी बंदी घातली आणि बीएसए कंपनीने ली-एनफिल्डच्याच धाटणीची रायफल वेगळ्या काडतुसासाठी काढली. तेच आपलं 315 बोर. मूळचं ते ऑस्ट्रियाच्या मानलिकर रायफलीचं. काडतूस हातात घेऊन बूड पाहिलं तर मधोमध टोपी दिसते आणि कडेने ‘केएफ’ आणि ‘8 एमएम’ अशी इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात. केएफ म्हणजे खडकीचा कारखाना, 1869 पासूनचा. भुसावळजवळ वरणगावलाही 1964 पासून आयुध निर्माणी आहे. पण तिथे मुख्यतः लष्करासाठी काडतुसं बनतात. घराजवळ कारखाना आहे म्हणून ती आपल्या उपयोगाची ठरत नाहीत.

आणि ताकद कितीही असली तरी लष्करी गोळी जनावरासाठी वाईटच. तिच्यावर तांब्याचं पूर्ण आवरण असतं. ती फुलत नाही, सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. कुठेतरी नाल्यात दोन-तीन दिवस तडफडून मरतं. फुलणारी गोळी युद्धात वापरू नये, असं 1899 च्या हेगच्या जाहीरनाम्यात ठरलं. अशा गोळीला जगभर ‘दमदम’ हे नाव पडलं ते कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारामुळे. माणसाच्या बाबतीत क्रूर ठरलेली हीच गोळी जनावराच्या बाबतीत दयेची आहे. तिच्या टोकाचं शिसं उघडं असतं. आदळल्यावर ते छत्रीसारखं उघडतं आणि सगळी ताकद आतच सोडतं. म्हणून बोर कोणताही असो, पाकिटावर मऊ टोकाची गोळी आहे की नाही, हे आधी पाहा. बोराच्या आकड्यापेक्षा हे महत्त्वाचं.

315 ची गोळी 244 ग्रेनची, म्हणजे सोळा ग्रॅमच्या आसपास. वेग सेकंदाला साधारण साडेसहाशे मीटर. हिशेब केला तर नळीच्या तोंडाशी ताकद सव्वातीन हजार ज्यूलच्या पुढे जाते. कोलोरॅडोचा आकडा आठवून पाहा. थर्टी-नॉट-सिक्स, म्हणजे 1906 साली अमेरिकी फौजेने घेतलेलं काडतूस, आपल्याकडे परवान्यावर चालतं. त्याची 180 ग्रेनची गोळी आठशे मीटरहून जास्त वेगाने सुटते आणि चार हजार ज्यूलच्या जवळ पोचते. फरक जाणवतो तो लांबवर. दोन्ही रायफली शंभर मीटरवर साधल्या, तर दोनशे मीटरवर 315 ची गोळी वीतभराहून जास्त खाली येते. थर्टी-नॉट-सिक्सची त्याच्या निम्मी. पण शेताच्या बांधावरून दोनशे मीटरवर नेम धरायचा प्रसंग येतोच कुठे? मला विचाराल तर नीलगाईसाठी, शंभर मीटरच्या आत, मऊ टोकाची 315 पुरून उरते. पॉइंट टूटूची हलकी रायफल मात्र डुकरावरही चालवू नये. तिच्यात जेमतेम दीडशे ज्यूल असतात.

खेड्यात मात्र रायफल क्वचितच असते, बारा बोरच जास्त. शुद्ध शिशाच्या एका पाउंडात ज्या मापाच्या बारा गोळ्या होतात ते तिच्या नळीचं माप, साधारण साडेअठरा मिलिमीटर. खडकीचंच ‘शक्तिमान एक्स्प्रेस’ काडतूस पुष्कळांच्या ओळखीचं. त्यात एलजी आणि एसजी हे मोठे दाणे. एलजीचा दाणा नऊ मिलिमीटरच्या आसपास आणि साडेचार ग्रॅमचा. गोल दाणा हवेत लवकर मंदावतो. चाळीस मीटरवर एकेका दाण्यात टूटूच्या गोळीहून फारशी जास्त ताकद उरत नाही आणि दाणेही पांगलेले असतात. पंचवीस मीटरच्या आत चार-पाच दाणे छातीच्या एकाच भागात बसले तर डुक्कर जागीच पडतं. त्याच्या पुढे झाडलेला बार म्हणजे जखमी डुक्कर, आणि जखमी डुक्कर उलटून अंगावर येतं. नीलगाईवर छर्रे झाडूच नयेत.

आता खरा प्रश्न. गोळी जनावराला लागली नाही, किंवा लागून पार गेली, तर ती जाते कुठे? थर्टी-नॉट-सिक्सची गोळी वर तिरपी सुटली तर तीन-चार किलोमीटर जाऊ शकते, टूटूचीही किलोमीटरभराच्या पुढे. दोंडाईच्याच्या भोवती जमीन बरीचशी सपाट, मधे वस्त्या आणि खळी, शिवाय सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग गावातून जातो. कापूस आणि मका कमरेच्या वर आलेला. पलीकडच्या शेतात दुसरा शेतकरी राखणीला बसलेला असतो आणि रात्री तो दिसत नाही. माणूस बांधावर उभा, खांदा चार-साडेचार फुटांवर, डुकराची छाती फूट-दीड फुटावर. चाळीस मीटरमध्ये गोळीला इतकासाच उतार मिळतो. चुकली तर ती जमिनीला घासून उसळी घेते आणि पुढे जाते. ओल्या काळ्या मातीत ती रुतण्याची शक्यता बरी, पण मुरमाड, दगडी बांधावर भरवसा नाही.

म्हणून मचाण. बारा-चौदा फूट उंचावर बसलं आणि जनावर पंधरा-वीस मीटरवर आलं, तर गोळी खाली तिरपी जाते आणि जमिनीत शिरते. एवढ्या अंतरावर डुकराला बारा बोरही पुरते आणि रायफलीची लांबच्या पल्ल्याची सगळी बढाई निरुपयोगी होते. मचाण नसेल तर जनावराच्या मागे नाल्याची उंच दरड किंवा मातीचा बांध असेल तेव्हाच बार काढावा. पाठीमागे नुसतं पीक किंवा आकाश असेल तर जनावर जाऊ द्यावं.

नेम कुठे, हे जनावरागणिक बदलतं. आडव्या उभ्या नीलगाईच्या पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात हृदय आणि फुप्फुसं असतात. रानडुकराचं हृदय आणखी खाली आणि पुढे, पायांच्या जवळजवळ मधोमध. पाठीचे उभे केस पाहून नेम धरला तर गोळी वरून जाते. जनावर तोंड करून किंवा पाठ करून उभं असेल तर थांबायचं.

परवान्यावर मिळणारी काडतुसं मोजकी असतात, तरी त्यातली काही अधिकृत नेमबाजी मैदानावर लक्ष्यावर झाडून पाहावीतच. आपली बंदूक कुठे मारते, एलजीचे दाणे पंचवीस मीटरवर किती पांगतात, हे कागदावर पडलेली भोकं पाहूनच कळतं. प्रत्येक नळी वेगळी असते. पेटीत पावसाळे काढलेली काडतुसं ओल लागून फुगतात आणि कधी दाबल्यावर लगेच पेटत नाहीत. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला, जमिनीकडे धरून निदान तीस सेकंद थांबावं आणि मगच बंदूक उघडावी. न उडालेलं काडतूस पुन्हा वापरू नये. जिथून घेतलं त्या परवानाधारक दुकानात ते दाखवावं आणि पुढे त्याचं काय करायचं ते विचारावं.