मांडीवरची तबकडी

खांदा कॉलनीतलं घर रंगवायला काढलं आणि माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यातून माझा सीडी प्लेअर निघाला. आत सीडी तशीच, तिच्यावर मार्करने 'भावगीतं + आरत्या'. झाकणावर अक्षरं: 'ईएसपी, ४५ सेकंद'.

या तीन अक्षरांचं मोल मला ठाऊक आहे. याआधीचा प्लेअर खांदेश्वरहून व्हीटीपर्यंत मी मांडीवर ताम्हणासारखा आडवा धरून नेत असे. तरी रूळ बदलताना लोकल हादरली की गायक एखादा शब्द गिळायचाच. सीडीवर एकच लांबलचक रेष गोल गोल जाते. दोन वेढ्यांत अंतर अवघं १.६ मायक्रॉन. लेझर तिथून घसरला की गाणं तुटलं.

सोनी आणि फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेली सीडी मुळात दिवाणखान्यातली. १९८४ मध्ये सोनीचा डी-५० आला, प्लेअर हातात मावू लागला. हादऱ्यांचं दुखणं मात्र राहिलं. त्यावर उतारा घेऊन आली १९९२ ची मिनीडिस्क. ६४ मिलिमीटरची तबकडी, प्लास्टिकच्या डबीत बसवलेली, आवाज साधारण पाचव्या हिश्शावर दाबलेला. खरी गंमत चिपमध्ये होती: सुमारे दहा सेकंदांचं गाणं आधीच वाचून तिच्यात भरलेलं असायचं. आमच्याकडे नळ गेला तरी गच्चीवरची टाकी चालते, तसं. लेझर भरकटून परत जागेवर येईपर्यंत टाकीतलं गाणं वाजत राही.

मिनीडिस्क जपानमध्ये रुजली, आपल्याकडे फारशी नाही. टाकी मात्र साध्या सीडी प्लेअरमध्येही आली. तीच ही ईएसपी. मग एमपीथ्री आलं. चौऱ्याहत्तर मिनिटांच्या सीडीत अकरा-बारा तासांची गाणी बसू लागली. दर्जा उतरला म्हणणारे म्हणोत, लोकलच्या खडखडाटात तो कुणाला कळणार होता!

पण तबकडीला सांभाळायला आणलेली हीच मेमरी पुढे स्वस्त आणि मोठी होत गेली. सगळं गाणं टाकीतच मावत असेल तर नळ हवा कशाला? एमपीथ्री प्लेअरमधून तबकडी गेली, पाठोपाठ फोनने प्लेअरही खाल्ला. कोऱ्या मिनीडिस्क बनवणं सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं.

प्लेअरमध्ये नवे सेल घातले. तबकडी घरघरली, आरती सुरू झाली. रंगाऱ्याची शिडी टेबलावर आपटली; आरती चालूच. मग मीच टेबल गदागदा हलवलं.

"काका, रंगाचा डबा सांडेल!" वरून आवाज आला.