विश्वस्तांचा अधिकार आणि भांडवलाची सत्ता

‘चॅटजीपीटी’ निर्माण करणाऱ्या ‘ओपनएआय’ या अमेरिकन संस्थेच्या संचालक मंडळाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी मुख्य कार्यकारी अधिकारी सॅम ऑल्टमन यांना पदच्युत केले. पाच दिवसांत ऑल्टमन परत आले आणि त्यांना काढणाऱ्या चौघांपैकी तिघांना मंडळ सोडावे लागले. व्यक्तींमधील कलह म्हणून या घटनेची भरपूर चर्चा झाली. वस्तुतः प्रश्न निराळाच होता. कृत्रिम बुद्धिमत्तेसारख्या दूरगामी परिणामांच्या तंत्रावर लोकहिताचा अंकुश ठेवण्याचे काम खाजगी संस्थेच्या घटनेवर सोपविता येते काय, हा तो प्रश्न.

ओपनएआयची स्थापना २०१५ साली झाली ती नफ्यासाठी नव्हे. हे तंत्र अखिल मानवजातीच्या कल्याणासाठी वापरले जावे, असा तिचा जाहीर हेतू होता. परंतु प्रचंड संगणकशक्तीचा खर्च देणग्यांतून भागेना. तेव्हा २०१९ साली नफा मिळविणारी दुय्यम कंपनी काढण्यात आली आणि पहिल्या गुंतवणूकदारांच्या परताव्यावर मूळ रकमेच्या शंभरपटीची मर्यादा घालण्यात आली. (शंभरपट हिला मर्यादा म्हणावे की आमंत्रण?) त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १०० कोटी डॉलर गुंतविले. तिला मंडळावर जागा नव्हती, आणि मंडळाची बांधिलकी गुंतवणूकदारांशी नसून मूळ हेतूशी आहे, असे लेखी नमूद होते. कागदोपत्री याहून चोख व्यवस्था शोधून सापडली नसती.

प्रत्यक्षात काय घडले? ऑल्टमन मंडळाशी पुरेशा मोकळेपणाने वागत नव्हते, एवढेच मंडळाने सांगितले. तपशील दिला नाही. लगेच मायक्रोसॉफ्टने त्यांना आपल्याकडे जागा देऊ केली. संस्थेच्या सुमारे ७७० कर्मचाऱ्यांपैकी ७०० हून अधिकांनी, मंडळ पायउतार न झाल्यास आपणही तिकडे जाऊ, असे सह्यानिशी कळविले. त्या सुमारास कर्मचाऱ्यांच्या भागांची विक्री योजिली होती आणि तीत कंपनीचे मूल्य सुमारे ८,६०० कोटी डॉलर धरले होते, ही गोष्टही विसरून चालणार नाही. संगणक मायक्रोसॉफ्टचे आणि कुशल माणसेही तिच्याच दाराशी. मग मंडळाच्या हाती संस्थेच्या शिक्क्यावाचून काय उरणार होते?

मोठ्या कंपन्यांत मालकी भागधारकांची आणि नियंत्रण व्यवस्थापकांचे अशी फारकत होते, हे बर्ल आणि मीन्स यांनी १९३२ सालीच दाखविले होते. येथे त्यांत विश्वस्त हा तिसरा पक्ष होता. गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेत धनिकाने स्वतःच विश्वस्त व्हावे, अशी अपेक्षा असे. येथे विश्वस्त एकीकडे व धन दुसरीकडे होते, आणि नेमका हाच तिढा होता. मंडळाचेच चुकले असेल, हेही शक्य आहे. आपल्या निर्णयाची कारणे न सांगणाऱ्याने विश्वासाची अपेक्षा धरू नये. परंतु खरे काय ते अधिकाराने तपासू शकेल असा बाहेरचा कोणीच नव्हता. दोनच आठवड्यांपूर्वी इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथे भारतासह २८ देशांनी व युरोपीय संघाने या तंत्राच्या सुरक्षिततेविषयी जाहीरनामा स्वीकारला होता. तो कोणावरही बंधनकारक नव्हता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये या संस्थेची पुनर्रचना झाली. मूळ प्रतिष्ठानाकडे सुमारे २६ टक्के, तर मायक्रोसॉफ्टकडे सुमारे २७ टक्के हिस्सा आला. संचालक नेमण्याचा हक्क प्रतिष्ठानाकडे राहिला. परंतु या बदलाला सुरक्षिततेच्या काही अटी जोडल्या गेल्या त्या डेलावेअर व कॅलिफोर्निया राज्यांच्या महाधिवक्त्यांमुळे. धर्मादाय मालमत्तेवर देखरेख करण्याचा अधिकार त्यांना कायद्याने आहे, म्हणूनच कंपनीला त्यांच्याशी बोलणी करावी लागली. मंडळाला जे साधले नाही, त्यातील थोडेफार या सरकारी अधिकाऱ्यांना साधले.

कायद्याचे बळ मात्र त्याच्या दंडाएवढेच. सप्टेंबर २०२५ मधील कॅलिफोर्नियाच्या कायद्याने बड्या कंपन्यांना सुरक्षिततेची कार्यपद्धती प्रसिद्ध करणे आणि गंभीर घटना कळविणे भाग पाडले आहे. ‘बडी’ म्हणजे वार्षिक उत्पन्न ५० कोटी डॉलरच्या वर, आणि दर उल्लंघनास दंड फार तर १० लाख डॉलर; म्हणजे अशा कंपनीच्या उत्पन्नाचा पाचशेवा हिस्सादेखील नव्हे. युरोपीय संघाच्या १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्यात सर्वसाधारण वापराच्या प्रणाली बनविणाऱ्यांना जागतिक उलाढालीच्या तीन टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या दोहोंपैकी कोणत्या आकड्याची दखल संचालकांच्या बैठकीत घेतली जाईल, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको.