जंतूंचे जेवण कसे शिजवतात?



जंतू नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, हे आपण पुस्तकात वाचले आहे. पण त्यांना खायला घालून वाढवले, की त्यांची वस्ती ठिपक्यासारखी दिसते. हे मी दिवाळीच्या सुट्टीत स्वतः पाहिले.

आमच्या वाडीत पावसाळ्यात बऱ्याच जणांना जुलाब झाले. माझ्या धाकट्या भावाला तर सलाईन लावावे लागले. तरी आई म्हणायची, "विहिरीचं पाणी काचेसारखं आहे. उकळायला सरपण कुठून आणू?" माझी आतेबहीण तालुक्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिने सरांची परवानगी घेतली आणि पाणी तपासायचे ठरवले. मीही तिच्यामागे गेले.

जंतूंच्या जेवणाला 'माध्यम' म्हणतात. १ लिटर पाण्याला पेप्टोन ५ ग्रॅम, मांसाचा अर्क ३ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम आणि अगर १५ ग्रॅम, असे त्याचे प्रमाण. अगर समुद्रातल्या शेवाळापासून काढतात. आपण खातो ते चायना ग्रास हेच. पूर्वी रॉबर्ट कॉख हे जर्मन शास्त्रज्ञ जिलेटिन वापरत, पण ते उबेत वितळे. त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांची पत्नी फॅनी हेसे स्वयंपाकात अगर वापरीत असे. तिनेच ही युक्ती १८८१ साली सुचवली. म्हणजे स्वयंपाकघरातली अक्कल प्रयोगशाळेत कामी आली!

ताईने सगळे उकळून विरघळवले. चंबू अर्धाच भरला, नाहीतर उतू जाते. तोंडाला कापसाचा बोळा लावून वर कागद बांधला.

मी म्हटलं, "उकळलंय ना? मग झालं की!"

ताई म्हणाली, "नाही गं. काही जंतू स्वतःभोवती टणक कवच करून बसतात. त्यांना बीजाणू म्हणतात. ते १०० अंशालाही मरत नाहीत."

म्हणून चंबू ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतात. हा म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. आधी आतली सगळी हवा वाफेबरोबर बाहेर जाऊ देतात. हवा राहिली तर दाब दिसतो, पण उष्णता पुरी होत नाही. मग झडप बंद करून १५ पौंड दाबावर, १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे ठेवतात. काटा शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडायचे नाही.

माध्यम हाताला सोसेल इतके निवले, की बर्नरच्या ज्योतीजवळ निर्जंतुक पेट्री बशीत ओततात. ते घट्ट झाल्यावर ताईने तीन बशा घेतल्या. एकीत विहिरीचे पाणी १ मिलिलिटर, दुसरीत तेच पाणी उकळून गार केलेले, तिसरी कोरी. बशा उलट्या करून ३७ अंशाच्या उबदार कपाटात ठेवल्या. उलट्या अशासाठी, की झाकणाचा घाम माध्यमावर पडू नये.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर काय, कोऱ्या बशीतही पिवळे-पांढरे ठिपके! ताईचा चेहरा उतरला. "कोऱ्या बशीत जंतू आले म्हणजे बाकीच्या दोन्हींवर विश्वास कसा ठेवायचा?" मग मला खरे सांगावे लागले. ताई पाणी आणायला गेली तेव्हा वास कसा येतो म्हणून मी त्या बशीचे झाकण उघडून नाक घातले होते. ताई रागावली नाही. "खरं बोललीस म्हणून चूक सापडली," एवढेच म्हणाली. पण सगळे पुन्हा करावे लागले.

या वेळी कोरी बशी स्वच्छ राहिली. विहिरीच्या पाण्याच्या बशीत इतके ठिपके, की मोजता मोजता मी दमले. उकळलेल्या पाण्याच्या बशीत फक्त दोन! ते बीजाणूच असावेत, असे ताई म्हणाली. जुलाबाचे जंतू मात्र उकळण्याने मरतात.

सगळेच ठिपके रोगाचे नसतात. रोगाचे कोणते, हे या बशीवरून कळत नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. आमच्या ग्रामपंचायतीने तो आता पाठवला आहे. तपासून झालेल्या बशाही पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये घालूनच टाकतात, उकिरड्यावर तशाच नाही.

ताईने बशांचे चित्र काढून दिले होते. ते आईने बराच वेळ पाहिले, काही बोलली नाही. संध्याकाळी चुलीवर पाण्याचे पातेले चढले होते. तुमच्या घरी चढते का?

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी