यंत्राच्या बुडातले पाणी : एका संकेताचा उलगडा

भांडी धुण्याचे यंत्र म्हणजेच डिशवॉशर काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडे क्वचितच दिसत असे. २०२० साली टाळेबंदीत घरकामाला मदतनीस येईनाशा झाल्या तेव्हा त्याची मागणी एकदम वाढली. हळूहळू ते काटोलसारख्या तालुक्याच्या गावीही पोहोचले. यंत्र तसे जुनेच आहे. जोसेफिन कॉक्रन या अमेरिकन महिलेला त्याचे एकस्व २८ डिसेंबर १८८६ रोजी मिळाले, आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते लोकांना पाहायला मिळाले. आजच्या यंत्राचे मूळ तत्त्व तेच आहे: भांडी गरम पाण्याच्या फवाऱ्यांनी धुतली जातात.

हे यंत्र कधीकधी मध्येच थांबते आणि पडद्यावर काही अक्षरे व अंक दाखवते. बॉशच्या यंत्रांत ‘ई-१५’ आणि सॅमसंगच्या काही यंत्रांत ‘एलसी’ असा संकेत आला, तर गळती झाली असे समजावे. तंत्रज्ञ सुमारे ६० किलोमीटरवरच्या नागपूरहून यायचा असेल, तर दोन-चार दिवस वाट पाहावी लागते. तेवढ्यात आपल्याला काय कळू शकेल? बरेच काही, आणि तेही शाळेतल्या विज्ञानाच्या बळावर.

संकेत नेमके काय सांगतो?

यंत्राच्या अगदी खाली एक उथळ तबक असते. एरवी ते कोरडे असते. त्यात थर्मोकोलसारख्या हलक्या पदार्थाची एक चकती ठेवलेली असते. तबकात पाणी साचले की आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार चकती वर उचलली जाते आणि तिच्यावरचा विजेचा छोटा खटका दाबला जातो. समजा, चकतीचा व्यास ६ सेंटिमीटर आहे आणि ती ५ मिलिमीटर बुडाली आहे. तिने बाजूला सारलेले पाणी सुमारे १४ घन सेंटिमीटर होईल, म्हणजे तिच्यावर सुमारे १४ ग्रॅम वजनाइतके उत्प्लावक बल मिळेल. चकतीचे स्वतःचे वजन एखादा ग्रॅमच असते. म्हणून हलका खटका दाबायला एवढे बल पुरते.

खटका दाबला गेला की यंत्र आत येणारे पाणी बंद करते आणि सांडपाण्याचा पंप सुरू करते. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हा पंप भांड्यांच्या कप्प्यातले पाणी उपसतो, खालच्या तबकातले नाही. त्यामुळे तबक भरलेलेच राहते, चकती तरंगतच राहते आणि पंप घरघरत राहतो. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले तरी संकेत जात नाही, त्याचे कारण हेच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पाणी कोठे साचले आहे एवढेच संकेत सांगतो, ते कोठून आले हे सांगत नाही. ताप हे लक्षण आहे, रोग नव्हे. तसेच हे आहे. संकेत वाचून लगेच एखादा भाग बदलला, तर खर्च होतो आणि गळती तशीच राहते.

आधी सुरक्षितता

यंत्रात पाणी तापवणारा हीटर साधारण २००० वॉटचा असतो, आणि तबकाच्या आसपासच तारा व मोटारी असतात. म्हणून पहिले काम म्हणजे प्लग काढणे, दुसरे म्हणजे यंत्राकडे जाणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करणे. त्यानंतर दोघांनी मिळून यंत्र सावकाश मागे किंवा पुढे कलते करावे, म्हणजे तबकातले पाणी बाहेर येते. यंत्राचे वजन ४०-५० किलोच्या घरात असते, त्यामुळे हे एकट्याने करू नये. पत्रा उघडून आतले काम करणे मात्र तंत्रज्ञाकडेच ठेवावे.

काही जण चकती काढून टाकण्याचा किंवा खटक्याच्या तारा सोडवण्याचा सोपा उपाय सुचवतात. संकेत जातो, पण गळती चालूच राहते आणि ती थांबवणारे कोणी उरत नाही. पाणी ओट्याखाली पसरते, विजेच्या भागांना लागते. अर्थिंग नीट नसेल तर हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

वेळेवरून गळतीचा अंदाज

आता थोडे गणित करू. तबक ५० सेंटिमीटर लांब व तेवढेच रुंद धरू. त्याचे क्षेत्रफळ २५०० चौरस सेंटिमीटर. चकती उचलायला ५ मिलिमीटर पाणी लागते असे मानले, तर १२५० घन सेंटिमीटर, म्हणजे सव्वा लिटर पाणी साचायला हवे.

साधारण २० थेंबांचे १ मिलिलिटर होते. दर सेकंदाला एक थेंब गळत असेल तर मिनिटाला ३ आणि तासाला १८० मिलिलिटर पाणी जमेल. सव्वा लिटरला सुमारे ७ तास लागतील. यंत्र रोज अडीच तास चालत असेल तर संकेत तिसऱ्या दिवशी येईल. मधल्या वेळात काही पाणी वाळते, म्हणून कदाचित आणखी उशिरा. उलट, संकेत पहिल्या दहा मिनिटांतच आला, तर मिनिटाला १२५ मिलिलिटर पाणी गळते आहे. ती ठिबक नव्हे, धार आहे. सुटलेली नळी किंवा सैल क्लिप यांचा संशय येथे आधी घ्यावा.

धुण्याच्या कोणत्या टप्प्यावर यंत्र थांबले, हेही टिपून ठेवावे. पाणी भरतानाच थांबले तर आत येणारी नळी व तिची जोडणी तपासावी. फवारे चालू असताना थांबले तर दाराचे रबर, तडकलेला फवारा किंवा फेस यांच्याकडे वळावे. पाणी बाहेर टाकताना थांबले तर सांडपाण्याची नळी पाहावी.

हळदीची कसोटी

तबकातले पाणी नळाचे आहे की धुण्याचे, हे ठरवता आले तर अर्धे काम झाले. यासाठी घरातली हळद पुरते. गाळणकागद हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवावा. या यंत्रासाठीच्या धुलाईच्या पावडरीत सोडियम कार्बोनेटसारखे अल्कधर्मी पदार्थ असतात, आणि अल्काने हळद लालसर तपकिरी होते. कागद लाल झाला तर पाणी भांड्यांच्या कप्प्यातून आले आहे. पिवळाच राहिला तर ते आत येणाऱ्या नळीचे असण्याची शक्यता अधिक. मात्र पावडर मिसळण्यापूर्वीच्या किंवा शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात अल्क नसतो किंवा फार कमी असतो. उलट, तबकात जुनी पावडर वाळून चिकटलेली असेल तर नळाचे पाणीही कागद लाल करील. म्हणून तबक एकदा स्वच्छ करून, यंत्र पुन्हा चालवून मगच निष्कर्ष काढावा.

काटोलच्या परिसरात जमिनीखाली बेसॉल्टचा काळा खडक आहे. अशा खडकातल्या विहिरींच्या व बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापले की बायकार्बोनेटचे रूपांतर कार्बोनेटमध्ये होऊन पांढरा थर बसतो. हा थर दाराच्या रबरावर बसला तर रबर नीट टेकत नाही आणि फट राहते. पण हाच थर आपला साक्षीदारही होतो. गळणारे पाणी वाळताना मागे पांढरी रेघ सोडते. टॉर्च घेऊन ती रेघ खालून वर तपासत गेले, की उगमाजवळ पोहोचता येते. रबरावरचा थर सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने सुटतो. काटोलच्या संत्र्यातही हेच आम्ल असते, पण रसाबरोबर साखरही येते. म्हणून येथे विकतची पूडच वापरावी.

फेसाची फसवणूक

कित्येकदा काहीच तुटलेले नसते. पावडर संपली म्हणून हाताने भांडी घासायचा साबण यंत्रात घातलेला असतो. तो साबण फेस यावा अशाच बेताने बनवलेला असतो, तर यंत्राची पावडर फेस कमीत कमी यावा अशा बेताने. फवाऱ्यांच्या माऱ्याने फेस इतका वाढतो की तो दाराच्या कडेतून बाहेर पडून तबकात उतरतो, आणि तेथे त्याचे पाणी होते. डाळीचे किंवा झुणक्याचे खरकटे जास्त राहिले तर त्यातली प्रथिनेही फेसाला हातभार लावतात. म्हणून खरकटे आधी काढून टाकावे आणि जाळी नियमित धुवावी.

वर्गात करून पाहण्यासाठी

पसरट थाळी, थर्मोकोलची चकती, दोन पितळी पट्ट्या, दोन सेल आणि टॉर्चचा बल्ब एवढ्या साहित्यात विद्यार्थी हा गळतीदर्शक बनवू शकतात. चकती वर आली की पट्ट्या एकमेकींना टेकाव्यात आणि दिवा लागावा. नंतर मोजपात्राने पाणी ओतत किती मिलिलिटरला दिवा लागतो ते नोंदवावे. थाळीच्या क्षेत्रफळावरून तो आकडा आधीच काढायला सांगावा आणि दोन्ही आकडे जुळतात का ते पाहावे. ते तंतोतंत जुळणार नाहीत. फरक का पडला, याची चर्चा हा या प्रयोगाचा सर्वांत उपयुक्त भाग आहे.

शेवटी एका शिक्षकाने मुद्दाम सेकंदाला एक-दोन थेंब पडतील अशी गळती लावून ठेवावी आणि दिवा लागण्याच्या वेळेवरून मुलांना गळतीचा वेग काढायला सांगावा. दिवा फक्त ‘पाणी आले’ एवढेच सांगतो. ते किती वेगाने आले आणि कोठून आले, हे मुलांनी शोधायचे.