पाच शाखा, एक घर
गृहविज्ञान म्हणजे स्वयंपाक आणि शिवणकाम, असा समज अजून आढळतो. दिल्लीत १९३२ साली गृहविज्ञानाचे लेडी आयर्विन कॉलेज सुरू झाले, तेव्हापासून हा विषय बराच विस्तारला. परभणीच्या कृषी विद्यापीठात तर त्याला आता सामुदायिक विज्ञान म्हणतात. आहार व पोषण, वस्त्रशास्त्र, मानवविकास, कौटुंबिक संसाधन व्यवस्थापन आणि विस्तार शिक्षण या त्याच्या प्रमुख शाखा.

प्रत्येक शाखेचे प्राध्यापक वेगळे असले, तरी घरातले प्रश्न शाखा पाहून येत नाहीत. लहान मुलातला रक्तक्षयच घ्या. पालेभाजीवर लिंबू पिळले की त्यातले लोह अंगी लागते आणि जेवणाबरोबर चहा घेतला की ते कमी मिळते, हे पोषणाचे प्राध्यापक सांगतात. तीन वर्षांचे मूल भाजी का नाकारते, हे मानवविकासाचे. महिन्याच्या खर्चात ती कशी बसवायची, हे व्यवस्थापनाचे. आणि हे सारे अंगणवाडीत आईला पटेल असे कसे सांगायचे, हे विस्तार शिक्षणाचे.

म्हणून प्राध्यापकांनी एकत्र बसून अभ्यासक्रम जुळवावा, एकच प्रकल्प मिळून द्यावा आणि मिळून तपासावा. तसे झाले, तरच विद्यार्थिनीला सुटे धडे न दिसता अख्खे घर दिसते.