मूठभर धान्य आणि तलवारीचा गेम

शुक्रवारी रात्री स्वारगेटहून एसटी पकडायची आणि साताऱ्यात आईच्या हातचं खाऊन दोन दिवस मस्त लोळायचं, हा माझा ठरलेला वीकेंड. गेल्या दिवाळीत मात्र प्लॅन फिसकटला. सांगलीहून मावसभाऊ आला. एका हातात भडंगाची पिशवी, पाठीवर जाडजूड लॅपटॉप. ‘दादा, हा गेम बघ. नाद खुळा!’

गेमचं नाव ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’. साल १४०३, देश बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा भाग. हीरो कोण? लोहाराचा पोरगा हेन्री! ड्रॅगन नाही, जादूबिदू नाही. बिचाऱ्याला वाचताही येत नाही, ते आधी शिकावं लागतं. त्याला भूक लागते, झोप येते, कपडे मळले की लोक नाकं मुरडतात. तलवार हातात आली म्हणून लगेच शूरवीर होता येत नाही. आधी सराव करा, मार खा!

खरी गंमत पुढेच आहे. असला साधासुधा हीरो घेऊन फिरणाऱ्या प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओला प्रकाशक मिळेना. मग जानेवारी २०१४ मध्ये ते ‘किकस्टार्टर’वर थेट लोकांकडे गेले. मागितले ३ लाख पौंड, पण ३५ हजारांहून जास्त लोकांनी ११ लाखांवर दिले! तेवढ्यात सगळा खर्च भागणार नव्हता, पण गिऱ्हाईक आहे हे तर सिद्ध झालं. गेम आला फेब्रुवारी २०१८ मध्ये. म्हणजे पैसे भरून लोक चार वर्षं थांबले. २०२५ मध्ये दुसरा भागही आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही अजिंक्यतारा चढलो. वर पोचल्यावर हा धापा टाकत म्हणतो, ‘दादा, असा गेम इथला पाहिजे. सन १७००. खाली औरंगजेबाचा वेढा, वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी लावलेल्या सुरुंगाने तट कोसळला तो त्यांच्याच माणसांवर! आणि आपला हीरो पायथ्याच्या गावातला लोहाराचा पोरगा. मी बनवणार. तू पैसे देशील?’

मी गप्प. कारण पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०१७ मध्ये ‘राजी’ या गेमसाठी किकस्टार्टरवर असंच आवाहन केलं होतं. माझ्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावरच्या शहरातली माणसं! मी ट्रेलर पाहिला, ‘भन्नाट’ म्हणालो, मित्रांना पाठवला. पैसे? ‘येऊ दे, मग घेऊ.’ ठरलेली रक्कम जमली नाही, आणि तिथला नियम असा की पूर्ण जमली नाही तर दमडीही मिळत नाही. ती टीम हटली नाही म्हणून २०२० मध्ये ‘राजी’ आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं. तेव्हा मात्र ‘आपला पुण्याचा गेम’ म्हणून मिरवायला मी सगळ्यांत पुढे!

संध्याकाळी हे सगळं आजीच्या कानावर घातलं. वाटलं, हिला काय कळणार. ती तांदूळ निवडत म्हणाली, ‘त्यात नवं काय रे? कर्मवीर अण्णांनी पोरांच्या बोर्डिंगसाठी मूठमूठ धान्य गोळा केलंच की. माझी आई दळणाआधी एक मूठ बाजूला काढायची. ती पोरं शिकतील का नाही, हे कुठं ठाऊक होतं तिला?’

१९१९ मध्ये सुरू झालेली रयत शिक्षण संस्था अशाच मुठींवर वाढली. लक्ष्मीबाईंनी तर अंगावरचे दागिने मोडले होते. आणि मी? शनिवारच्या पिझ्झ्याला जेवढे जातात तेवढे द्यायलाही ‘आधी दाखव’ म्हणत होतो.

परतताना मी मावसभावाला सांगितलं, पहिल्या तीन महिन्यांचा प्रोटोटाइप कर, खर्चाचा कागद लिहून दे, त्यातला पहिला हप्ता माझा. बुडाले तर बुडाले.

काल कागद आला. सगळ्यात वर लिहिलंय : ‘आजी – एक मूठ. दादा – बाकी आहे.’

आज पगार झालाय. पाठवतोय.